तंबू नंतर, आधी मीटर!

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. "तुझं ते तंबूपुराण एकदा लिहून दे" म्हणून मराठी विभागाचे संपादक महिनाभर मागे लागले, म्हणून हे लिहितेय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका, मुद्द्याकडे बघा.

मुद्दा एका वाक्यात सांगते. घरातल्या घरात, मातीशिवाय भाजी पिकवायचा नाद लागला असेल तर तो चकचकीत ग्रो टेंट सगळ्यात शेवटी घ्या. आधी पाणी मोजायचं मीटर, मग खत, मग बादली, मग लाईट, मग पंखा आणि एवढं करून गरज उरलीच तर तंबू! आम्ही नेमकं उलटं केलं. त्याची ही गोष्ट.

आम्ही चौघी कॉलेजजवळ भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनी आहे, पण समोर सहा फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. ऊन येतं ते कपडे वाळत घालायच्या दोरीच्या एका टोकाला, तेही दुपारी अर्धा तास. तिथे तुळससुद्धा रुसते. म्हणून मिनी प्रोजेक्टसाठी मीच आयडिया काढली... इनडोअर हायड्रोपोनिक्स! म्हणजे मुळं मातीत नाही, खत विरघळवलेल्या पाण्यात. आणि सूर्याऐवजी एलईडी. दोन महिने मी इंग्लिश व्हिडिओ बघत होते. प्रत्येकात तोच काळा तंबू, चेन उघडली की आत चंदेरी अस्तर आणि हिरवंगार रान. माझी विकेटच पडली.

प्रत्येकी साडेतीन हजारांची कॉन्ट्री काढून आम्ही १४,००० रुपयांचा 'कम्प्लीट किट' मागवला. तिघींनी माझ्या शब्दावर पैसे दिले. त्यातली एक निफाडची. तिने मेसचे पैसे काढून दिले आणि महिनाभर रूमवर खिचडी खाल्ली, हे मला फार नंतर कळलं.

किटमध्ये ६० बाय ६० सेंटीमीटरचा, १४० सेंटीमीटर उंच तंबू होता. शिवाय '१००० वॅट' लिहिलेला लाईट, पंप आणि पाईप, पंखा, कार्बन फिल्टर, खताच्या दोन बाटल्या. फक्त एक गोष्ट नव्हती. मोजायचं काहीही नव्हतं!

एप्रिलमध्ये लेट्यूसची बारा रोपं लावली. दहाव्या दिवशी पानं पिवळी. पंधराव्या दिवशी मुळं तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी. रिव्ह्यूला गाईडसमोर आम्ही बारा मेलेली रोपं आणि एक सुंदर तंबू घेऊन उभ्या होतो. त्या दिवशी चौघींत कोणी कोणाशी बोललं नाही.

रात्री निफाडच्या रूममेटने वडिलांना फोन लावून माझ्या हातात दिला. काकांची द्राक्षबाग आहे. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. "बेटा, पिवळं कोणतं पान पडलंय, नवीन का जुनं? पाण्याचा पीएच किती? ईसी किती?" मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. मी फोन ठेवून तिला विचारलं, "तुला हे सगळं माहीत होतं?" ती म्हणाली, "तू विचारलंसच कुठे?"

खरंच होतं ते. ज्याला मी 'फॉरेनची टेक्नॉलॉजी' समजत होते, त्यातलं अर्धं तिच्या घरी रोज चालतं. ड्रिपमधून विद्राव्य खत सोडणं, पाणी तपासणं, सामू बघणं... हायड्रोपोनिक्समध्ये वेगळं इतकंच की चूक झाली तर सांभाळून घ्यायला माती नसते. आणि तंबूचं म्हणाल, तर हा शोध तंबूवाल्यांचा नाही. कॅलिफोर्नियाच्या गेरिक नावाच्या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द रूढ केला. शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून आपल्याच देशात, कालिम्पाँगला, साध्या खडी-वाळूच्या वाफ्यांत हे करून दाखवलं. ना एलईडी, ना तंबू!

आता एकेक वस्तू घेऊ.

पहिली खरेदी मीटरची. टीडीएस-ईसी मीटर आणि पीएच पेन, दोन्ही मिळून आम्हाला ८५० रुपयांना पडले. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते. क्षार जास्त तर ईसी जास्त. लेट्यूसला साधारण ०.८ ते १.२ मिलिसीमेन्स लागतो आणि पीएच ५.५ ते ६.५. आम्ही फोननंतर मोजलं तेव्हा आमच्या टँकरच्या पाण्याचा टीडीएस खत घालायच्या आधीच ६२० होता, म्हणजे ईसी सव्वाच्या आसपास. थोडक्यात ताट आधीच भरलेलं, पण नको त्या क्षारांनी. त्यावर आम्ही बाटलीवर लिहिलंय तेवढं खत ओतलं होतं. पीएच निघाला ८.१.

इथे एक गंमत सांगते. एफईला आपण सगळ्यांनी केमिस्ट्री लॅबमध्ये ईडीटीए वापरून पाण्याची हार्डनेस काढली. काढली म्हणजे... मागच्या बॅचची रीडिंग्ज उतरवली! तर खतातलं लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून बहुतेक वेळा त्याच ईडीटीएने धरून ठेवलेलं असतं. पीएच साडेसहाच्या वर जाऊ लागला की ही पकड सैल होत जाते आणि लोह खाली बसतं. झाडाला ते मिळत नाही. मग नवीन पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमचं डिट्टो हेच झालं होतं. जुनं पान आधी पिवळं पडलं असतं तर संशय नत्रावर गेला असता. काकांचा पहिला प्रश्न त्यासाठी होता. ते जर्नल मी स्वतः लिहिलं असतं तर बारा रोपं वाचली असती, असं आता वाटतं.

तेव्हा आधी पाणी मोजा. कठीण पाणी असेल तर आरओच्या पाण्यात मिसळून क्षार खाली आणा. पीएच कमी करायला पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घाला. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही! हातमोजे आणि गॉगल घाला. आणि पीएच पेन बफरमध्ये बुडवून कॅलिब्रेट करत जा, नाहीतर ते मीटर नसून नुसतं खेळणं आहे.

दुसरी गोष्ट खत. बाजारात 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या का असतात? कारण कॅल्शियम एकीकडे, आणि सल्फेट-फॉस्फेट दुसरीकडे ठेवावं लागतं. दाट स्वरूपात एकत्र केले की साका तळाशी बसतो. म्हणून आधी बादलीभर पाण्यात 'ए' ढवळायचं, मगच 'बी' घालायचं. कृषी सेवा केंद्रात कॅल्शियम नायट्रेट, १३:०:४५, ०:५२:३४, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं सगळं मिळतं, आणि ब्रँडेड बाटलीपेक्षा बरंच स्वस्त. पण स्वस्त आहे म्हणून १९:१९:१९ ची पुडी ओतून मोकळं होऊ नका. त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं रूपांतर करून देतात, आपल्या बादलीत ते पुरेसे नसतात. शिवाय युरिया वीज वाहू देत नाही, त्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही! पहिल्या वेळी तयार 'ए-बी' घ्या, हात बसला की पुड्यांकडे वळा.

तिसरी गोष्ट भांडं. किटमध्ये पाईपमधून पाणी फिरवणारी सिस्टीम होती. दिसायला एकदम प्रोफेशनल! पण लाईट गेली, पंप थांबला की उन्हाळ्यात काही तासांत मुळं सुकतात. आपल्याकडे लाईट कधी जाईल हे सांगायला ज्योतिषीच हवा. त्यापेक्षा हवाई विद्यापीठाच्या क्रॅटकी यांची पद्धत नवशिक्याला बरी. झाकणाची बादली, झाकणाला भोकं, भोकांत जाळीचे कप, कपात नारळाचा काथ्या आणि रोप. पाणी जसं कमी होतं तशी वरची मुळं हवेत येतात आणि श्वास घेतात. पंप नाही, आवाज नाही, लोडशेडिंगचं टेन्शन नाही. बादलीत उजेड शिरू देऊ नका, नाहीतर शेवाळ धरतं.

चौथी गोष्ट लाईट. इथे फसवणूक नाही म्हणत मी, पण डोळे उघडे ठेवा. आमच्या '१००० वॅट'च्या लाईटला प्लगचं पॉवर मीटर लावलं तर तो ९६ वॅट खात होता. डब्यावरचा आकडा 'इतक्यासारखा' असतो, 'इतका' नसतो. विकत घेताना प्रत्यक्ष किती वॅट ओढतो आणि एका ज्यूलला किती मायक्रोमोल प्रकाश देतो हे विचारा. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पुढचं दुकान बघा. पालेभाजीला दर चौरस मीटरला २०० ते २५० मायक्रोमोल प्रकाश, १६ तास, पुरतो. आपली जागा ०.३६ चौरस मीटर. गळती धरून १०० मायक्रोमोल हवेत असं समजा. चांगला एलईडी ज्यूलला अडीच देतो. म्हणजे ४० वॅट झाले की काम झालं! महिन्याला १९ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी दोनशेच्या आत. आमचा ९६ वॅटवाला ४६ युनिट खात होता आणि घरमालकीणबाईंचा ओरडा वेगळा.

पाचवी गोष्ट हवा. मेकॅनिकलवाल्यांनो, आता तरी जागे व्हा. लाईटने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी तंबूत उष्णता होऊन राहते. हवा दोन अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल तर ४० वॅटसाठी तासाला ६० घनमीटर हवा खेचावी लागते. कॉम्प्युटरचा १२० मिलिमीटरचा पंखा साधारण एवढं करतो. पण ९६ वॅटला १४४ घनमीटर हवेत, आणि आमच्या पंख्याच्या तोंडावर तो कार्बन फिल्टर बसवलेला! हा फिल्टर कशासाठी, तर वास बाहेर जाऊ नये म्हणून. परदेशात अशा तंबूंत काय पिकवतात ते तुम्हाला माहीत असेलच. आपल्याकडे ते १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवान्याशिवाय गुन्हा आहे. लेट्यूसच्या वासाची तक्रार कोण करणार आहे? फिल्टर घेऊच नका.

आणि हेही लक्षात ठेवा की पंखा हवा थंड करत नाही, फार तर खोलीइतकी आणतो. आमची खोलीच ३५ अंशांवर, तंबूत ४१, आणि पाणी ३३. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना ७.५. मुळं गुदमरतात आणि वर सडवणारी बुरशी आयती चालून येते. थंड देशांत तंबू उब धरून ठेवतो म्हणून कामाचा. तोच गुण आपल्या एप्रिलमध्ये अवगुण होतो. म्हणून पहिली बॅच नोव्हेंबरमध्ये लावा. उन्हाळ्यात करायचीच असेल तर बादली फरशीवर ठेवा आणि माठासारखं ओलं फडकं गुंडाळा.

आता कोणी म्हणेल, "पण किट घेतला की डोक्याला ताप नाही, सगळं एकदम मिळतं." मान्य! तंबू अगदीच टाकाऊ आहे असंही माझं म्हणणं नाही. अस्तरामुळे प्रकाश वाया जात नाही. आणि चार जणींच्या फ्लॅटमध्ये १६ तास लाईट जळत असेल तर झोपायला तंबूचाच आधार. पण किट आपल्याला वस्तू देतो, त्यामागचं कारण देत नाही. रोप पिवळं पडल्यावर आम्ही दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, अजून एक बाटली खत घ्या. मीटर हातात असतं तर त्याच क्षणी कळलं असतं की खत आधीच जास्त झालंय. माझ्या मते नवशिक्याची पहिली गरज रोप जगवणं ही नाही, रोप का मेलं ते कळणं ही आहे.

डिसेंबरमध्ये आम्ही पुन्हा लावलं. दोन बादल्या, दोन मीटर, ४० वॅटचा नवा लाईट, तोच तंबू पण खालच्या जाळ्या उघड्या. मल्टिप्लग आधी तळाशी पाण्याशेजारी होता, तो आता वर भिंतीला. पाच आठवड्यांत लेट्यूस तयार झाला. रीडिंग्ज वहीत रोज लिहिली, आणि यावेळी स्वतः घेऊन लिहिली. पहिली जुडी गाईड सरांना दिली, दुसरी बसने निफाडला गेली. काकांनी फोन करून सांगितलं, "चव पाण्यासारखीच आहे बेटा, पण पान छान आहे."

पंप आणि कार्बन फिल्टर अजून माझ्या कॉटखाली पडलेत. सुट्टीत शिकवण्या घेऊन मी तिघींचे पैसे परत केले. दोघी नको नको म्हणाल्या. निफाडच्या रूममेटने मात्र घेतले, आणि माझ्यासमोर मोजून घेतले. बरंच वाटलं मला. मोजायची सवय तिच्या घरात आधीपासूनच आहे.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी