सैल खांद्यांचे बळ

रविवारी सकाळी ज्युदोच्या वर्गात आम्ही पालक बाकांवर बसतो आणि चटईवरील आपल्या मुलांना मराठीतून ओरडून सांगतो, "जोर लाव! घट्ट धर! सोडू नकोस!" इंग्रज प्रशिक्षक मात्र त्याच मुलांच्या खांद्यांवर हात ठेवून म्हणतात, "सैल सोड." दोन्ही आज्ञा एकाच वेळी पाळणे कोणत्याही मुलास शक्य नाही. आमच्या मते प्रशिक्षकांचे बरोबर आहे आणि आम्हा पालकांचे चूक. ही चूक खेळापुरती नाही, म्हणून तिच्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे किरकोळ शरीरयष्टीचे होते. शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसल्यामुळे ते जुजुत्सूकडे वळले. १८८२ साली टोकियोतील एइशो-जी या बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, त्यांनी आपली शाळा सुरू केली. तीच पुढे कोडोकान म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. 'ज्यु' म्हणजे मृदुता, लवचीकपणा आणि 'दो' म्हणजे मार्ग. ब्रिटनमध्ये ही विद्या रुजली ती १९१८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या बुडोक्वाई या संस्थेमुळे.

कानो यांनी या मृदुतेचे गणित मांडून दाखविले आहे. समोरच्याचे बळ दहा आणि माझे सात असेल, तर त्याच्या रेट्याला रेटा देऊन मी हरणारच. परंतु तो जितके ढकलतो तितकाच मी मागे सरलो आणि माझा तोल राखला, तर तो पुढे झुकतो, त्याचा तोल जातो आणि त्या क्षणी त्याचे बळ तीनच उरते. माझे सात मात्र शाबूत असतात.

स्नायूंची रचनाही हेच सांगते. ठोसा मारताना हात सरळ होतो तो दंडाच्या मागील स्नायूमुळे. त्याच वेळी पुढचा स्नायू आवळलेला असेल, तर तो हाताला मागे ओढतो; ब्रेक दाबून गाडी चालवावी, तसाच हा प्रकार. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली निष्णात लढवय्यांच्या प्रहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रहार सुरू होताना स्नायू एकदा आवळले जातात, मध्ये सैल पडतात आणि आघाताच्या क्षणी पुन्हा आवळले जातात, असे त्यात आढळले. वेग येतो तो मधल्या सैलपणातून. ज्युदोत तर ताठ हात हा प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयता दिलेला दांडा असतो. त्याला धरूनच तो आपल्याला फेकतो.

येथे आमच्यातील काही ज्येष्ठ एक आक्षेप घेतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "नरम राहा, वाकून राहा, हे आपल्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ऐकविले गेले. जोहार घालणारी मान बाबासाहेबांनी ताठ केली. आता मुलांना पुन्हा मऊपणा शिकवायचा काय?"

आमचे उत्तर असे की, लादलेले वाकणे आणि शिकलेली मृदुता या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाकविलेला माणूस आपला तोल दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. ज्युदोपटू खांदे सैल सोडतो तेव्हा त्याचा कणा सरळ असतो, पाय जमिनीवर स्थिर असतात आणि तोल त्याच्या स्वतःच्या ताब्यात असतो. तो मागे सरतो ते समोरच्याला फेकण्यासाठी. ताठ मान आणि आवळलेली मान यांतील फरक आम्ही विसरलो आहोत, एवढेच.

विसरण्यास कारणेही आहेत. परदेशातही भारतीयांच्या मेळाव्यात कोणी सहज आडनाव विचारले की, आमचा जबडा आवळतो. कार्यालयातील बैठकीत, आपली एक चूक साऱ्या समाजाच्या खात्यावर मांडली जाईल या धास्तीने, खांदे कानांपर्यंत चढतात. हा ताण आम्हांस बळ वाटत आला. प्रत्यक्षात तो शक्तीचा अपव्यय आहे. मुले आमचे शब्द ऐकतात, त्याहून अधिक आमचे खांदे पाहतात.

म्हणून आमची पालकांना विनंती आहे. बाकांवरून ओरडणे थांबवू या. मुलाने किती जणांना पाडले हे विचारण्याआधी त्याला नीट पडता येते का, हे पाहू या. कारण ज्युदोत पहिला धडा पडण्याचाच असतो आणि आखडलेल्या शरीरालाच पडताना अधिक इजा होते. आणि शक्य असेल त्यांनी स्वतः प्रौढांच्या वर्गात नाव घालावे. आम्ही घातले आहे. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी आमचा हात उचलून सोडून दिला. तो तसाच हवेत ताठ राहिला. तो आपसूक खाली पडण्यास आम्हांस अनेक आठवडे लागले. आमच्या मुलांना इतका वेळ लागू नये.