गाडी बंद असेल त्या महिन्याचा हिशोब आधी करा



हिल स्टेशनवर चहा-नाश्त्याचा स्टॉल टाकायचा, नाहीतर दोन खोल्यांचा होमस्टे काढायचा, हे स्वप्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं आहे. त्यामागचं गणित ठरलेलं असतं: "तिथे गिऱ्हाईक आपोआप येतं." व्हिडिओत आपण माथेरानचा विषय थोडक्यात घेतला होता. इथे जरा नीट बोलू. माझं मत आधीच सांगून टाकतो: गाडी गर्दी आणते, धंदा आणत नाही. धंदा तुम्हालाच उभा करावा लागतो, आणि तो गाडी बंद असतानाच्या दिवसांवर उभा करावा लागतो.

आधी गाव समजून घ्या. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं. पण वर जायचं म्हणजे घोडा, पालखी नाहीतर पायी. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पैसा घातला आणि १९०७ मध्ये नेरळहून गाडी वर पोचली. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, कारण डोंगरातली वळणं फार तीव्र. जेमतेम २१ किलोमीटरला दोन तासांच्या वर वेळ लागतो, आणि लोक त्या वेळेचेच पैसे देतात. वर मोटारगाड्यांना बंदी. त्यामुळे बाजारपेठ स्टेशनला लागूनच वाढली. चिक्की, चपला, लॉज, घोडेवाले, हमाल, सगळ्यांची चूल या एका वाटेवर.

आता ही वाट किती वेळा बंद झाली ते बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी सुरू झाली २००७ मध्ये. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले म्हणून बंद, नेरळपासून पूर्ण मार्ग सुरू झाला २०१८ मध्ये. २०१९ च्या पावसाळ्यात पुन्हा मोठं नुकसान, आणि नेरळहून गाडी निघाली थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. शिवाय दरवर्षी पावसाळ्यात साधारण चार महिने नेरळ ते अमन लॉज गाडी नसतेच. शटल तेवढी अमन लॉजपासून वर चालते.

म्हणजे गाडी बंद पडणं हा अपघात म्हणून सोडून देता येत नाही. तो तुमच्या खर्चाचा एक भाग आहे. वहीत त्याची ओळ हवी.

चला, आकडे मांडू. हे फक्त समजण्यासाठी, तुमचे आकडे तुम्ही टाका. समजा स्टॉलचा ठरलेला खर्च, म्हणजे भाडं, एका पोराचा पगार आणि कर्जाचा हप्ता, मिळून महिन्याला ४५,००० रुपये. चांगल्या महिन्यात विक्री १,५०,०००. मालाचा खर्च जाऊन ४० टक्के हातात, म्हणजे ६०,०००. शिल्लक १५,०००. छान वाटतं ना? असे आठ महिने, म्हणजे १,२०,०००.

आता पावसाळ्याचे चार महिने. विक्री ६०,००० वर आली तर हातात २४,०००. दर महिन्याला २१,००० चा खड्डा, चार महिन्यांचा ८४,०००. वर्षाअखेर उरले ३६,०००. महिन्याला ३,००० रुपये! आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही. वरून एखाद्या वर्षी हंगामातही गाडी बंद राहिली आणि त्या आठ महिन्यांची विक्री फक्त २० टक्के घटली, तर वर्षाला ६०,००० चा तोटा. स्टॉलवर गर्दी दिसत असताना कर्ज वाढतं ते असं.

काही जण म्हणतील, "मग गाड्या वर येऊ द्या ना, सगळा प्रश्नच मिटेल." मला हे पटत नाही. गाडीचा धूर नाही, हॉर्न नाही, म्हणूनच मुंबई-पुण्याचा माणूस तिथे पैसे खर्च करतो. ती शांतता गेली की तुमचा स्टॉल आणि हायवेवरचा स्टॉल सारखाच. हो, दस्तुरीपासून वर माल न्यायला मजुरी लागते, सिलिंडरपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत. ती किमतीत धरा. लाजू नका. गिऱ्हाईक चिडतं ते भाव लपवल्यावर. बोर्डावर स्वच्छ लिहिलेला भाव तो समजून घेतो.

मग करायचं काय? तीन गोष्टी.

एक, ठरलेला खर्च हलका ठेवा. वर्षभराच्या भाड्याऐवजी हंगामाचं भाडं ठरतं का, हे सही करण्याआधी विचारा. हप्ता पावसाळ्यातल्या गल्ल्यातून भरता येईल एवढाच घ्या.

दोन, असं काहीतरी विका जे डोंगराखाली उतरू शकतं. वाफाळता चहा कुरिअरने जात नाही, चिक्की जाते. पाकिटावर तुमचा नंबर छापा. एकदा आलेलं गिऱ्हाईक दिवाळीला घरबसल्या ऑर्डर देऊ शकतं.

तीन, पावसाळ्याचं गिऱ्हाईक वेगळं ओळखा. शनिवार-रविवारी भिजत येणाऱ्या बऱ्याच ट्रेकर्सना खोली नको असते. त्यांना गरम खाणं, कोरडा टॉवेल आणि बॅग ठेवायला जागा हवी असते.

हे फक्त माथेरानपुरतं नाही. कॉलेजच्या गेटसमोरचं झेरॉक्स दुकान, कंपनीच्या बाहेरची खाणावळ, एकाच ॲपवर चालणारं क्लाउड किचन, सगळ्यांची आपापली एक गाडी असते.

तर आजचा होमवर्क. वही घ्या. वर लिहा: "माझी गाडी कोणती?" खाली लिहा: "ती चार महिने आली नाही, तर हप्ता कुठून भरणार?" उत्तर सापडलं तर दुकान बघायला निघा. नाही सापडलं, तर डिपॉझिटचे पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत. ते तिथेच राहू द्या.