इंग्लंडच्या सरकारी शाळांतील लॅटिन : मध्येच थांबलेला पाठ

लॅटिन ही आपल्या ख्रिस्तसभेची शतकानुशतकांची भाषा. त्यामुळे तिच्याविषयीची बातमी इंग्लंडमधील शाळांतून आली तरी आपले लक्ष तिकडे वेधले जाणे स्वाभाविक आहे. मात्र ही बातमी उपासनेची नाही, शिक्षणाची आहे. आणि अधिक नेमके सांगायचे तर, सामान्य घरातील मुलाला शाळेत काय शिकावयास मिळावे, या प्रश्नाची ती बातमी आहे.

जुलै २०२१ मध्ये इंग्लंडचे तत्कालीन शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी एक योजना जाहीर केली. सरकारी खर्चाने चालणाऱ्या ४० शाळांतून ११ ते १६ वर्षे वयाच्या मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी ४० लाख पौंडांची तरतूद करण्यात आली. सप्टेंबर २०२२ पासून चार वर्षे हा प्रयोग चालावयाचा होता. योजनेमागे ब्रिटिश कौन्सिलच्या पाहणीतील दोन आकडे होते. माध्यमिक शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात लॅटिन शिकविणाऱ्या सरकारी शाळांचे प्रमाण अवघे २.७ टक्के होते, तर खाजगी शाळांत ते ४९ टक्के होते. म्हणजे पालकांना भरमसाट फी परवडत असेल तर लॅटिन शिकण्याची शक्यता जवळजवळ निम्मी; परवडत नसेल तर ती नसल्यातच जमा.

ही दरी एका रात्रीत पडलेली नाही. १९६० पर्यंत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांत प्रवेशासाठी लॅटिनची परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. ती अट निघाल्यावर सरकारी शाळांना लॅटिनचा शिक्षक ठेवण्याचे कारण उरले नाही. एकेक शिक्षक निवृत्त होत गेला, त्याच्या जागी दुसरा आला नाही. खाजगी शाळांनी मात्र विषय टिकवून धरला. जी भाषा एकेकाळी सर्व सुशिक्षितांची होती, ती अशा रीतीने पैसेवाल्यांची निशाणी होऊन बसली. पुढे लॅटिनवर जी टीका झाली, की हा वरच्या वर्गाचा छंद आहे, तिचे मूळ आम्हांस या इतिहासात दिसते. भाषेचा त्यात दोष नव्हता.

प्रत्यक्ष वर्गात काय चालते, तेही पाहण्यासारखे आहे. डोळे मिटून रूपे घोकणारी मुले आणि छडी घेतलेले गुरुजी हे चित्र आता जुने झाले. केंब्रिजमध्ये १९६६ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पातून १९७० मध्ये जे पाठ्यपुस्तक निघाले, त्याने इंग्लंडमधील कित्येक वर्गांचे स्वरूप पालटले. त्यात पहिल्या पानापासून गोष्ट आहे. पॉम्पेई शहरातील काएकिलिउस नावाचा सावकार, त्याची पत्नी मेटेल्ला, मुलगा क्विंटुस, स्वयंपाकी ग्रुमिओ आणि एक कुत्रा ही तिची पात्रे. हा सावकार काल्पनिक नव्हे. त्याच्या व्यवहारांच्या नोंदी असलेल्या मेणाच्या पाट्या १८७५ साली उत्खननात सापडल्या. गोष्ट वाचता वाचता मूल व्याकरण शिकते. गुलामांचे आणि स्त्रियांचे चित्रण फार सौम्य व वरवरचे आहे असा आक्षेप आल्यावर २०२२ च्या आवृत्तीत ते बदलण्यात आले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या घरात कोण कोणाची सेवा करीत होते आणि त्याला त्याबद्दल काय मिळत होते, असा प्रश्न बारा वर्षांच्या मुलांपुढे ठेवणारा विषय निरुपयोगी कसा म्हणावा?

व्याकरणाच्या बाबतीत आपल्या मुलांना एक सोय आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ असे म्हणणाऱ्या मुलाला विभक्ती म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजी मुलाला मात्र शब्दाच्या शेवटावरून कर्ता आणि कर्म ओळखायचे, ही गोष्ट लॅटिनच्या वर्गातच बहुधा प्रथम भेटते. स्वतःची भाषा कशी चालते हे त्याला तेथे कळू लागते. शब्दांच्या कुळांचेही तसेच. आपण मिस्सा, क्रूस, नाताळ हे शब्द रोज वापरतो. पोर्तुगीजांच्या मार्गाने ते आपल्याकडे आले, परंतु त्यांचे माहेर लॅटिनच आहे. ‘नाताळ’ म्हणजे जन्माचा दिवस. आपला पावही त्याच वाटेने आला.

आता योजनेच्या शेवटाकडे वळू. जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे सरकार सत्तेवर आले. तिजोरीत २२ अब्ज पौंडांची तूट असल्याचे कारण सांगत शिक्षण खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, की लॅटिन योजनेचा निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद होईल. त्या वेळी सुमारे पाच हजार मुले या योजनेतून लॅटिन शिकत होती. इंग्लंडचे शैक्षणिक वर्ष सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जुलैमध्ये संपते आणि सोळाव्या वर्षीची सार्वजनिक परीक्षा मे-जूनमध्ये होते. निधी थांबला तो नेमका वर्षाच्या मध्यावर. शिक्षक, विद्वान आणि लेखक यांनी निषेध केला, तो लॅटिनप्रेमापोटी होता तितकाच या वेळेबद्दलही होता.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. गणित व विज्ञानाचे शिक्षक जेथे मिळत नाहीत, तेथे लॅटिनला पैसा का, असा सवाल कोणीही करील. हजारो शाळांच्या देशात ४० शाळांनी दरी बुजत नाही, हेही खरे. परंतु चार वर्षांसाठी ४० लाख पौंड ही रक्कम त्या तुटीपुढे किती, याचा हिशेब प्रत्येकाला करता येण्यासारखा आहे. शिवाय बचतीची कुऱ्हाड खाजगी शाळांतील लॅटिनवर पडत नाही. तेथील वर्ग त्याच आठवड्यात नेहमीप्रमाणे भरले असतील.

योगायोग असा की, इंग्लंडमध्ये हा निर्णय झाला त्याच सुमारास इटलीचे वारे उलट दिशेने वाहू लागले. तेथील कनिष्ठ माध्यमिक शाळांतून १९७७ मध्ये लॅटिन काढून टाकण्यात आले होते. जानेवारी २०२५ मध्ये शिक्षणमंत्री ज्युसेप्पे वाल्दितारा यांनी तो ऐच्छिक विषय म्हणून परत आणण्याचा मानस जाहीर केला. तेथेही टीका झालीच.

अमेरिकेने तिसरी वाट धरली आहे. तेथे शालेय लॅटिनचा उत्साह टिकवून ठेवला तो प्रामुख्याने शिक्षकांच्या संस्थांनी. १९३६ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल ज्युनिअर क्लासिकल लीग’ या विद्यार्थी संघटनेचे अधिवेशन दर उन्हाळ्यात एखाद्या विद्यापीठाच्या आवारात भरते. तेथे प्रश्नमंजुषेचे सामने, लॅटिन वक्तृत्व, रोमन वेशभूषा, चित्रकला आणि धावण्याच्या शर्यतीसुद्धा होतात. राष्ट्रीय लॅटिन परीक्षेस गेल्या दशकात दरवर्षी लाखाहून अधिक मुले बसत. बॉस्टन लॅटिन स्कूल ही १६३५ मध्ये सुरू झालेली सार्वजनिक शाळा आजही आपल्या विद्यार्थ्यांना लॅटिन अनिवार्यपणे शिकविते. पदकांची हौस थोडी अधिक वाटते खरी, पण बक्षिसासाठी का होईना, मूल विभक्ती शिकते.

लॅटिन शिकून करायचे काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून एक प्रसंग पुरेसा आहे. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्यागाचा निर्णय लॅटिनमधून वाचून दाखविला. ते ऐकणाऱ्या वार्ताहरांपैकी ‘आन्सा’ या इटालियन वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना ती भाषा कळत होती. जगाला बातमी प्रथम त्यांच्याकडून समजली.

इंग्लंडमध्ये आता भार पडला आहे तो शाळांच्या स्वतःच्या तिजोरीवर आणि ‘क्लासिक्स फॉर ऑल’सारख्या धर्मादाय संस्थांवर. २०१० साली निघालेली ही संस्था इतिहास वा इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांना लॅटिन शिकविण्याचे प्रशिक्षण देते आणि शाळांना मदत करते. काम चांगले आहे, पण वर्गणीवर चालणारे आहे.

एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अकराव्या वर्षी लॅटिनच्या वर्गात बसलेल्या मुलाची सार्वजनिक परीक्षा येते ती २०२७ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पाच वर्षांनी. योजना मुळात चारच वर्षांची होती, आणि चालली ती अडीच वर्षेही नाही. त्या पहिल्या तुकडीतील किती मुले लॅटिनच्या उत्तरपत्रिकेवर आपला क्रमांक लिहितील, ते त्या वर्षीच्या ऑगस्टमधील निकालात कळेल.