निर्जन बेटें आणि आपलें कर्तव्य

भूगोलांत शिकविलेल्या पुष्कळ गोष्टींचा पुढें कांहीं उपयोग होत नाहीं, अशी कित्येक पालकांची तक्रार असते. जेथें मनुष्यवस्ती नाहीं, व्यापार नाहीं, अशा दूरच्या बेटांचीं नांवें मुलांनीं कां पाठ करावींत, असें ते विचारतात. नुसतीं नांवें पाठ करून फारसें साधत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु अशा एखाद्या बेटाचा वृत्तांत नीट समजून घेतल्यास आपल्या किनाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, असें आमचें मत आहे.

दक्षिण अटलांटिक महासागरांतील बूव्हे बेटाचें उदाहरण घ्या. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून तें सुमारें २,५०० किलोमीटर दूर आहे. हा मूळचा ज्वालामुखी. क्षेत्रफळ अवघें ४९ चौरस किलोमीटर, आणि त्यापैकीं शेंकडा ९३ भाग हिमानें झांकलेला. १ जानेवारी १७३९ रोजीं बूव्हे नामक फ्रेंच कप्तानास तें दिसलें, पण तेथें उतरतां आलें नाहीं. त्या काळीं समुद्रावर रेखांश अचूक मोजण्याचें साधन नसल्यामुळें त्यानें नोंदलेलें स्थान चुकलें, आणि पुढें कॅप्टन कुकसारख्या निष्णात नाविकासही तें सांपडलें नाहीं. १८०८ सालीं देवमाशांची शिकार करणाऱ्या इंग्रजी जहाजांस तें पुन्हां दिसलें. १९२७ सालीं नॉर्वेच्या मोहिमेनें तेथें उतरून हक्क सांगितला, व १९७१ सालीं तें राखीव निसर्गक्षेत्र म्हणून जाहीर झालें. पेंग्विन आणि सील हेच तेथील रहिवासी. जेथें आपला एकही नागरिक कायमचा राहात नाहीं, त्या भूमीसाठीं एका राष्ट्रानें कायदा केला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां घराजवळ येऊं. वेंगुर्ल्यापासून सुमारें नऊ मैलांवर भर समुद्रांत 'वेंगुर्ला रॉक्स' हा खडकाळ बेटांचा पुंजका आहे. तेथें बर्फ नाहीं, आणि वस्तीही नाहीं. दीपगृह मात्र आहे. पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम हे १८७५ सालीं तेथें गेले होते. तेथील अंधाऱ्या गुहेंत हजारों पाकोळ्या राहतात. काळोखांत टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या वाट काढतात, आणि स्वतःच्या लाळेनें घरटें बांधतात. हें घरटेंच त्यांच्या मुळावर आलें. पूर्वेकडील देशांत त्याचें सार करून पितात व त्यास मोठी किंमत देतात. घरटीं काढून नेण्याचा चोरटा उद्योग २००१ सालीं चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनें उघडकीस आणला.

गरिबास चार पैसे मिळत असतील तर पक्ष्यांचें एवढें काय, असें कोणी म्हणेल. परंतु अंड्यापिलांसकट घरटें ओरबाडलें, तर पुढच्या वर्षीं पक्षीही नाहीं आणि घरटेंही नाहीं. शिवाय असल्या धंद्यांत नफा दूरच्या व्यापाऱ्याचा, आणि अटक मात्र आपल्या गांवच्या पोराची! कायद्यानें या पक्ष्यास संरक्षण दिलें आहे. पण भर समुद्रांतील गुहेच्या तोंडाशीं रात्रंदिवस पहारा कोण ठेवणार?

म्हणूनच हा प्रश्न शेवटीं शिक्षणाचा आहे. जेथें कोणी पाहात नाहीं, तेथें मनुष्य कसा वागतो, यावरूनच त्याच्या विद्येची खरी परीक्षा होते. निर्जन म्हणजे बेवारशी नव्हे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं मनावर बिंबवावें, आणि नकाशांत बूव्हेचा ठिपका शोधतांना वेंगुर्ल्यासमोरचे ठिपकेही शोधावेत. पालकांस आमची एवढीच विनंती कीं, समुद्रावर जाणाऱ्या आपल्या आप्तेष्टांच्या कानांवर पाकोळ्यांची ही हकीकत अवश्य घालावी. भूगोलाचा याहून मोठा उपयोग आम्हांस तरी दुसरा दिसत नाहीं.