चौरस मोडतो तेव्हा

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अपोफिलाइटचे स्फटिक पाहताना आपण रंगाला दाद देतो आणि पुढे सरकतो. पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत घडलेल्या या दगडाच्या आत अणूंची शिस्त आहे. उभ्या अक्षाभोवती पाव फेरी फिरवला, तरी त्याचे भौतिक गुणधर्म तसेच राहतात. ही सममिती. शाळेत ती कागद दुमडून शिकवतात आणि भूमितीच्या तासाबरोबर संपवतात. इथेच आपले चुकते.

अतिवाहक, म्हणजे सुपरकंडक्टर, ठरावीक तापमानाखाली विजेला अजिबात रोध करत नाही. एमआरआय यंत्रांत सहसा नायोबियम-टायटॅनियमच्या अशाच तारांचे चुंबक असते. ते द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते आणि हेलियम आपण आयात करतो. म्हणून कमी थंडीत चालणारा अतिवाहक हा रुग्णाच्या खिशाशीही जोडलेला प्रश्न आहे.

चुंबकीय लोह हे अतिवाहकतेचे वैरी मानले जाई. पण २००८ मध्ये जपानच्या हिदेओ होसोनो यांच्या गटाला लोह-आर्सेनिकच्या संयुगात उणे २४७ अंशांनाच ती आढळली. काही महिन्यांत अशा संयुगांनी उणे २१८ अंशांपर्यंत मजल मारली.

यातले कोडे सममितीचे आहे. बेरियम-लोह-आर्सेनिकच्या स्फटिकात लोहाचे अणू चौरस जाळीत बसतात. उणे १३३ अंशांच्या आसपास चौरसाचा आयत होतो. बाजूंतला फरक एक टक्क्याहूनही कमी, पण विजेचा रोध दोन दिशांना ठळकपणे वेगळा! एवढ्याशा ताणाने हे घडणार नाही. म्हणून बरेच अभ्यासक इलेक्ट्रॉनांकडे बोट दाखवतात. त्यांच्या दोन समान कक्षकांतली बरोबरी मोडते आणि जाळी मागोमाग वाकते. थोडे कोबाल्ट मिसळून हा बदल दाबला, की अतिवाहकता अवतरते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा स्फटिकांवर प्रकाश टाकून, बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि दिशा मोजली गेली आहे.

‘याचा उपयोग काय?’ असे लगेच विचारले जाते. अतिवाहकता १९११ मध्ये सापडली. एमआरआय रुग्णालयांत यायला सुमारे सत्तर वर्षे लागली. तयार यंत्रासाठी पैसे मोजणाऱ्या समाजाने मूलभूत संशोधनासाठीही पैसा आणि धीर दाखवायला हवा. सुरुवात घरापासून करू. मुलांना सिन्नरला न्या आणि रंगाआधी आकार पाहायला सांगा.