पाकिटावरचा मूड कोणी मोजला?

डेन्व्हर किंवा सॅन फ्रान्सिस्कोतल्या परवानाधारक गांजाच्या दुकानात आता नशेबद्दल कमी आणि सुगंधाबद्दल जास्त बोललं जातं. विक्रेता बरणीचं झाकण उघडून गिऱ्हाइकाच्या नाकापुढे धरतो आणि टर्पीनपुराण सुरू होतं. मर्सीन असेल तर अंग सैलावेल, लिमोनीनने मन प्रसन्न होईल, पायनीनने डोकं तल्लख राहील, लिनालूलने काळजी पळेल. कोलोरॅडोत 2014 पासून आणि कॅलिफोर्नियात 2018 पासून प्रौढांना हा माल दुकानात उघडपणे मिळतो. शेजारच्या दुकानातही तितकाच कडक माल असेल, तर वेगळं काय विकायचं? मग मूड विकायचा.

वास खोटा नाही. टर्पीन म्हणजे वनस्पतींतली चटकन उडून जाणारी सुगंधी द्रव्यं, आणि ती काही गांजाची मक्तेदारी नव्हे. लिमोनीन संत्र्याच्या सालीत असतं, कॅरिओफिलीन मिरी-लवंगेत, तर लॅव्हेंडरमधलं लिनालूल आपल्या धन्यांतही भरपूर असतं. (धने भाजता भाजता कोणाची काळजी पळाल्याचं मात्र ऐकिवात नाही.) गांजा ओढण्याआधी आंबा खाल्ला तर मर्सीनमुळे नशा चढते, असंही अमेरिकेत छातीठोकपणे सांगितलं जातं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या गंधाची फोड केली, तेव्हा त्यात मर्सीनपेक्षा ओसिमीन नावाच्या टर्पीनचा वरचष्मा दिसला. आमरस-पुरीनंतर डुलकी लागते ती पुऱ्यांच्या संख्येमुळे.

या साऱ्या दाव्यांमागे एक संकल्पना आहे. 1998 मध्ये इस्रायलचे राफेल मेशुलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं मांडलं, की एखाद्या सक्रिय रेणूचा परिणाम त्याच्या सोबतचे निष्क्रिय रेणू वाढवू शकतात. गांजातलं नशेचं मुख्य द्रव्य, म्हणजे टीएचसी, 1964 मध्ये वेगळं काढणारे ते हेच मेशुलम. गंमत अशी, की 1998 चा तो शोधनिबंध शरीरात तयार होणाऱ्या रेणूंविषयी होता, टर्पीनविषयी नव्हे. टर्पीनची बाजू ईथन रूसो यांनी 2011 मध्ये सविस्तर मांडली. तिचा बराचसा आधार उंदीर आणि पेशींवरच्या प्रयोगांचा होता. त्यात शंका आणि शक्यता जपून लिहिल्या होत्या; बाजाराने त्यातल्या शक्यता तेवढ्या उचलल्या. पुढे सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात सहा नेहमीची टर्पीनं पेशींवर तपासली, तेव्हा पेशींवरच्या ज्या ग्राही रेणूंवर (रिसेप्टरवर) टीएचसी काम करतं तिथे त्यांचा काहीच प्रभाव दिसला नाही. 2021 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाला उंदरांमध्ये काही प्रभाव दिसला. म्हणजे प्रश्न अजून उघडाच आहे.

माणसांवर झालेली एक चाचणी मात्र नीट पाहण्यासारखी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अधूनमधून गांजा घेणाऱ्या 20 निरोगी प्रौढांना वेगवेगळ्या दिवशी कधी नुसती टीएचसीची वाफ दिली, कधी नुसती लिमोनीनची, कधी दोन्ही मिळून, तर कधी पाण्याची. 30 मिलिग्रॅम टीएचसी म्हणजे चांगलाच डोस. त्याने अनेकांना घाबरल्यासारखं, कोणीतरी मागावर असल्यासारखं होतं. सोबत 15 मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर ही घबराट स्पष्टपणे कमी झाली. टीएचसीच्या इतर परिणामांत फारसा फरक पडला नाही.

दुकानदार हा अभ्यास आनंदाने पुढे करतात. पण जरा आकडेमोड करू. पाकिटावर टीएचसी 20 टक्के आणि लिमोनीन अर्धा टक्का लिहिलेलं आहे असं धरा. 30 मिलिग्रॅम टीएचसी मिळवायला 150 मिलिग्रॅम गांजा लागेल, आणि त्यात लिमोनीन असेल जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. चाचणीतल्या प्रमाणाचा विसावा हिस्सा! परिणाम तर लिमोनीनच्या मात्रेबरोबर वाढत गेला होता. त्या चाचणीतून उद्या एखादं चांगलं औषध निघू शकेल, पण पाकिटावरच्या ‘प्रसन्न’ या शब्दाला ती आधार देत नाही.

गांजाच्या वाणांत ‘इंडिका’ म्हणजे सुस्ती आणि ‘सटायव्हा’ म्हणजे तरतरी या जुन्या वाटणीचंही हेच झालं. अमेरिकेच्या सहा राज्यांतल्या सुमारे 90 हजार नमुन्यांची 2022 मध्ये छाननी झाली, तेव्हा ही लेबलं आणि आतली रसायनं यांचा मेळ बसेना. अनुभव घडवण्यात डोस, सवय, सोबत आणि अपेक्षा यांचा वाटा मोठा असतो. ‘याने झोप येते’ असं ऐकून ओढणाऱ्याला झोप आली, तर ती मर्सीनच्या खात्यावर का जमा करायची?

कॅनडाने 2018 मध्ये गांजा कायदेशीर करतानाच उल्हास, थरार, चैतन्य अशा जीवनशैलीशी त्याचं नातं जोडणाऱ्या जाहिरातीला बंदी घातली. हा नियम कडक वाटेल, पण शहाणपणाचा आहे. भारतात 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बंद केले. फुलोऱ्याशिवायचं पान मात्र गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवलं. त्याच फटीतून आज ‘विजया’ या नावाने भांगेच्या पानांचे अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून विकले जातात. टर्पीनचं गुणगान त्यांच्या जाहिरातींत शिरायला फार वेळ लागणार नाही. परवाना देणाऱ्यांनी त्याआधीच सांगून टाकावं: कोणतं द्रव्य किती मिलिग्रॅम आहे ते छापा, मनःस्थितीचा दावा करायचा तर माणसांवरची चाचणी दाखवा. आणि तपासणीची तारीखही छापा, कारण टर्पीनं साठवणीत उडून जातात. मिसिसिपी विद्यापीठाने 1996 मध्ये मोजलं तेव्हा तीन महिने ठेवलेल्या कळ्यांतलं निम्म्याहून जास्त सुगंधी तेल नाहीसं झालेलं होतं.