भूत उतरवताना गेलेलं लेकरू

वर्ध्याशेजारच्या नागपुरात ऑगस्ट 2022 मध्ये भूतबाधा उतरवण्यासाठी केलेल्या मारहाणीत पाच वर्षांच्या मुलीचा जीव गेला आणि अटक झाली ती जन्मदात्यांना. याला निव्वळ क्रौर्य म्हणून मोकळं होता येत नाही. आपण लेकीला वाचवतोय असं मारणाऱ्यांना वाटत असतं, भीती आहे ती याचीच. घरातल्या एकाची ठाम समजूत बाकीचेही खरी मानू लागले की पोरीचं रडणंही भुताचंच ठरतं.

श्रद्धेला हात लावू नका, असं यावर म्हटलं जातं. उपास-नवस करणारी लाखो माणसं कुणावर हात उगारत नाहीत, बहुतेक मनोरुग्णही हिंसक नसतात, हे खरंच. म्हणून धोका ओळखायचा तो पूजेवरून नव्हे. घरातल्याच कुणाकडे बोट दाखवून ‘हिच्यात काहीतरी शिरलंय’ म्हटलं जातं, त्यावरून. अशी मारहाण 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, पण पोलीस बहुधा नंतर पोहोचतात. आधी पोहोचू शकते ती आशाताई, शिक्षिका, शेजारीण. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानसची मोफत हेल्पलाइन आहे. असं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी तिथे विचारा.